काच फुटली, फोटो नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुपौर्णिमा जवळ आली की घरोघरी देवघराची आवराआवर निघते, आणि त्याच दिवसांत पिंपळाच्या पारावर फोटोंचा ढीग वाढतो. कुणाची काच तडकलेली, कुणाच्या चौकटीला वाळवी. काहीजण थेट विश्वामित्रीत सोडून येतात. कालपर्यंत ज्यांना ओवाळलं ते आज पारावर पावसात! बडोद्यात हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

"फुटलेला फोटो घरात ठेवू नये म्हणतात ना?" असं ग्रुपवर वारंवार विचारलं जातं. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असं सांगतात, ते ठीक. पण काच म्हणजे मूर्ती नव्हे. सदरा फाटला म्हणून आपण माणसाला घराबाहेर काढतो का? सदरा बदलतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथमहाराजांनी टीका लिहिली, प्रतिमेचे आठ प्रकार दिलेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. या यादीत चौकट कुठेच नाही! भिंतीवर काचेतले देव तसे अलीकडचेच. आपल्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांकडून पौराणिक चित्रं करून घेतली, पुढे 1894 साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, आणि मग छापील देव गरिबाच्या घरीही पोचले.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आपल्या एक काकू. काका फाल्गुनात गेले. घर बदलताना काकांना महाराजांनी स्वहस्ते दिलेला फोटो पडला, काच फुटली. शेजारणीने "अपशकुन आहे, विसर्जन करा" म्हणून सांगितलं. मुलगा म्हणाला, आई, ऑनलाइन नवीन मागवतो. त्याचा हेतू चांगलाच होता. पण काकूंना चार रात्री झोप नाही. गुरुवारी पिशवीत गुंडाळून फोटो घेऊन आल्या आणि एवढंच विचारलं, "हा टाकला तर ह्यांनाच टाकल्यासारखं होईल का हो?"

आम्ही उत्तर दिलं नाही. पुठ्ठा आणि कात्री आणली.

फोटो 8 बाय 10 इंचांचा. जाड पुठ्ठ्याचे 12 बाय 14 चे दोन तुकडे कापले. एकात मधोमध साडेसात बाय साडेनऊची खिडकी, म्हणजे फोटोची कड चारही बाजूंनी पाव इंच आत दबते. खिडकीला मागून पारदर्शक प्लास्टिकची शीट चिकटवली. फोटो शीटला टेकू द्यायचा नाही, पावसाळ्यातल्या ओलीने तो चिकटून बसतो; म्हणून मध्ये कडेकडेने पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या. मग दोन्ही तुकडे तीन बाजूंनी फेविकॉलने जोडले, वरची बाजू उघडी ठेवली, तिथून फोटो आत सरकवला. खळ वापरू नका, झुरळं येतात. आणि तुमचा फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर कृपा करून ओढू नका, रंग काचेवर येतो. काचेसकट त्याचा मोबाइलवर फोटो काढून आधी प्रत करून घ्या.

सजावटीला काकूंनी काकांच्या उपरण्याचा काठ काढला. एकदोघी कुजबुजल्या, वापरलेलं वस्त्र देवाला? अहो, ते उपरणं पूजेतलंच! धुऊन, इस्त्री करून काठ लावला, कोपऱ्यांना तिरका दुमडून. मागे सुतळीचा फास. काठ थोडा वाकडा बसलाय. काकू म्हणाल्या, राहू दे, ह्यांचं उपरणंही असंच वाकडं असायचं. तिथे सगळेच हसलो, त्याही हसल्या. फाल्गुनानंतर पहिल्यांदाच.

भगवंत गीतेत पानाफुलावर, घोटभर पाण्यावर समाधान मानतात. त्यांना पुठ्ठा का चालणार नाही? सोनेरी चौकटीला आमची ना नाही, परवडते त्यांनी जरूर करावी. पण चौकट परवडत नाही म्हणून फोटो पारावर जाऊ नये, एवढंच मागणं.

येत्या गुरुवारी आरतीनंतर सगळे मिळून बसू. पुठ्ठा, शीट, फेविकॉल इथे आहे. कात्री, पट्टी आणि घरातला जुना काठ तुम्ही आणा. मुलांनाही आणा, ब्लेड मात्र मोठ्यांच्याच हाती. फोटोमागे नाव-तारीख लिहायची तर पेन्सिलीने हलकेच, बॉलपेन पुढे उमटतं. आणि येताना पारावर एखादा फोटो दिसला तर तोही उचलून आणा.