चिकित्सेचा तिसरा पाद

भारतात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरची एआरटी औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली आणि या आजाराचा अर्थच पालटला. रोज गोळी घेणारा माणूस आज जवळपास इतरांइतकं जगू शकतो. रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला लागतही नाही. अट एकच: गोळी चुकवायची नाही, जन्मभर. या अटीपाशी एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. समजा, पुण्यात कात्रजला राहणारा कोणी ससून रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून औषध घरी आणतो आणि मग महिनाभर डबी उघडतच नाही. त्याला काय म्हणायचं? बेजबाबदार, की ज्याचे त्याचे भोग? आपल्याकडे दोन्ही म्हटलं जातं, बहुधा एकाच दमात, आणि दोन्हींमुळे सुटका होते ती म्हणणाऱ्याची.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. रोग्याकडूनही चार गुणांची अपेक्षा आहे: स्मृती, सांगितलेलं पाळणं, निर्भयता आणि आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. आता नैराश्यात रुतलेला एचआयव्हीचा रुग्ण डोळ्यांपुढे आणा. नैराश्य स्मरण आणि एकाग्रता पोखरतं. उद्याचा दिवसच नकोसा झाला की पथ्यपाणी कशासाठी पाळायचं? भीती तर दुहेरी, आजाराची आणि आजार कळल्यावर बदलणाऱ्या नजरांची. आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांत गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यात लपवणारा माणूस, रात्र रात्र झोप लागत नाही हे सांगणार कोणाला? चौथ्या पादाचे चारही गुण हा दुसरा आजार नेमके हिरावून नेतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांत नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं आणि नैराश्य असलेल्यांच्या गोळ्या अधिक चुकतात, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. शिवाय अनेक वर्षं आपल्या नेहमीच्या उपचारात असलेल्या एफाव्हिरेंझ या औषधानेच काहींना भयानक स्वप्नं पडत, काहींचं मन खचत असे. ज्या इच्छाशक्तीच्या अभावाबद्दल आपण दोष देतो, तो अभाव हेच इथे लक्षण आहे. चौथा पाद असा खचला, की त्याचा भार तिसऱ्याने, म्हणजे उपस्थात्याने, उचलायला हवा.

यावर श्रद्धाळू माणूस म्हणेल, कर्मसिद्धान्त मग खोटा का? तो खोटा ठरवण्याची मला गरज वाटत नाही. चरकसंहितेच्याच विमानस्थानात आयुष्य नियत आहे की नाही, असा प्रश्न येतो. चरकाचं उत्तर असं, की पूर्वजन्मीचं कर्म म्हणजे दैव आणि या जन्मीचा प्रयत्न म्हणजे पुरुषकार. दोहोंत जे बलवान ते दुबळ्यावर मात करतं, आणि सगळंच ठरलेलं असतं तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता. म्हणजे कर्म मानणाऱ्यालाही हात झटकता येत नाहीत. स्वतःचं दुःख सोसताना कोणी ‘माझं प्रारब्ध’ म्हणत असेल, तर त्या शब्दात आधार असतो. तोच शब्द शेजाऱ्याने त्याच्याबद्दल उच्चारला की तो निवाडा होतो. आईकडून जन्मतःच विषाणू आलेल्या मुलापुढे हा निवाडा कोणी मोठ्याने उच्चारून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उपस्थात्याने असा भार उचलला, तर माणूस परावलंबी होईल, त्याच्या खाजगीपणावर घाला येईल. ही भीती रास्त आहे. म्हणूनच २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवण्याचा हक्क दिला. पण पाळत वेगळी आणि सोबत वेगळी. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दाखवून दिलं, की प्रशिक्षण मिळालेले साधे समुपदेशक, डॉक्टर नसूनही, नैराश्य हलकं करू शकतात. झिंबाब्वेतल्या हरारे शहरात दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून वयस्क आरोग्यसेविका लोकांशी बोलत; २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत सहभागींपैकी सुमारे ४० टक्के एचआयव्हीग्रस्त होते, आणि सहा महिन्यांनंतर या बाकावर बसलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. कोणी ऐकून घेतल्याने माणूस पांगळा झाला नाही. स्वतःचे प्रश्न सोडवायचं बळ त्याच्यात परत आलं. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धाला दिसतो. बुद्ध त्याला त्याच्या पूर्वकर्माबद्दल विचारत नाही. तुझी काळजी घेणारं कोणी आहे का, असं विचारतो. कोणी नसतं, कारण तो इतर भिक्षूंच्या काही उपयोगाचा नसतो. मग बुद्ध आणि त्याचा शिष्य आनंद त्याला न्हाऊमाखू घालतात. सातारा रस्त्यावर धनकवडीच्या शंकर महाराज मठात दुखणाईतासाठी हात जोडणाऱ्यांची श्रद्धा मला याच प्रश्नाच्या जवळची वाटते, गोळी थांबवून अंगारा लावायला सांगत नाही तोवर. मठातून निघाल्यावर तोच माणूस ठरल्या तारखेला रुग्णासोबत स्वारगेटची बस धरू शकतो, ससूनच्या रांगेत उभा राहू शकतो, आणि गोळ्यांचा हिशोब मागण्याआधी रात्री झोप लागली का, एवढं विचारू शकतो. उत्तर काळजीचं वाटलं, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य मदतसेवेच्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं. फोन लावून तो रुग्णाच्या हातात देण्याचं कामही उपस्थात्याचंच आहे.