यातले तिला काय आठवणार?



ऑक्टोबर महिना आपल्या धर्मग्रामात घरोघरी जपमाळेने जातो. दिवसभराचा उकाडा उतरलेला असतो, मोठी माणसे भिंतीला टेकून बसतात, लहान मुले पुढे सतरंजीवर. तिसऱ्या रहस्यापर्यंत निम्मी मुले आयांच्या मांडीवर झोपलेली असतात. अशाच एका घरी, जपमाळ संपून चहा फिरत असताना, एका आईने मला प्रश्न विचारला. तिला दोन मुली आहेत, थोरली पाच वर्षांची, धाकटी अजून तीनचीही नाही. सकाळी अंबडला कंपनीत जायचे आणि संध्याकाळी येऊन घर, स्वयंपाक व मुली बघायच्या, असा तिचा दिवस.

ती मुलींच्या गमती सांगत होती. बिल्डिंगमध्ये नवरात्रात भोंडला झाला, पाटावर हत्ती काढला, शेजारच्या मुलींबरोबर ह्या दोघीही फेर धरायला गेल्या. खिरापत ओळखायची वेळ आली की धाकटी प्रत्येक डब्याला ‘चॉकलेट!’ म्हणून ओरडायची. (आपल्या मुलींनी भोंडल्याला जावे का, असे काहीजण मला विचारतात. शेजारणींबरोबर फेर धरून खिरापत खाल्ल्याने कोणाची श्रद्धा पातळ होत नाही असे माझे मत आहे. पण तो विषय पुन्हा कधीतरी.) सीताफळ खायला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येक बी मोजून वाटीत टाकायची असते. दसऱ्याला आणलेल्या झेंडूच्या फुलांच्या पाकळ्या सुट्या करून त्यांची ‘भाजी’ झाली. हे सगळे सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, “फादर, धाकटीला मोठेपणी यातले काहीच आठवणार नाही, हो ना? मला तरी त्या वयातले काय आठवते? मग हे सगळे जाते कुठे?”

तिने हसत विचारले होते, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असे प्रश्न मोठ्या शब्दांत यायचे. हा साध्या शब्दांत आला, म्हणून अधिक अवघड आहे. जे विसरलेच जाणार, त्याला मोल असते का?

तिचे म्हणणे खरेच आहे. वयाच्या साधारण तीन-चार वर्षांपूर्वीचे आपल्याला सहसा काही आठवत नाही. संत ऑगस्टीन यांनाही हाच पेच पडला होता. ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ते आपल्या तान्हेपणाविषयी लिहितात. दूध कोणी पाजले, हसू कधी आले, हे त्यांना स्वतःला आठवत नाही. इतरांकडून ऐकून आणि दुसरी बाळे पाहून ते मान्य करतात. तो काळ आपल्या आयुष्यात धरावा की नाही, याविषयीही ते कचरतात. पण त्याच पानांवर ते आणखी एक गोष्ट म्हणतात. आई आणि दाया यांनी आपले दूध स्वतः निर्माण केले नव्हते. त्यांच्या हातून परमेश्वरच पाजत होता. ज्या माणसाला काही आठवत नव्हते, तो त्याच न आठवणाऱ्या काळाबद्दल देवाचे आभार मानतो. पुढे ज्या मोनिकाबाईंच्या अश्रूंविषयी आपण एवढे ऐकतो, त्यांचे पहिले उपकार मुलाच्या स्मरणात नव्हतेच.

ह्या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे आणि ते मीही अनेकदा ऐकले आहे: मुलांना आठवले नाही तरी पाया भक्कम होतो; ज्याला लहानपणी माया मिळाली तो पुढे स्थिर होतो. हे खोटे नाही. मानसशास्त्रही तेच सांगते. पण ह्या उत्तरावर मी समाधानी नाही. त्यात सीताफळाच्या बिया मोजणे ही एक गुंतवणूक होते, जणू आज भरलेला हप्ता वीस वर्षांनी व्याजासह परत मिळणार आहे. आणि ज्या आईला ते व्याज कधी मिळालेच नाही, तिला काय सांगणार?

झेली मार्टिन हे नाव आपल्यातील बऱ्याच जणांना माहीत असेल. बाळ येशूच्या संत तेरेजाची ही आई. फ्रान्समधील आलाँसाँ गावात ती लेस विणण्याचा व्यवसाय चालवी. बायका घरी बसून तुकडे विणत आणि ती ते सगळे एकत्र जोडी. तिला नऊ मुले झाली. दोन मुलगे आणि एक मुलगी तान्हेपणीच गेली. एलेन नावाची आणखी एक मुलगी फेब्रुवारी १८७० मध्ये वयाच्या पाचव्या वर्षी वारली. पाच वर्षे! म्हणजे बोबडे बोलणे झाले, खेळणे झाले, प्रार्थना शिकणे झाले. आता पायाच्या हिशोबाने पाहा: ज्यावर इमारत उभी राहणार नव्हती, तो पाया कशासाठी? त्या काळीही लोक झेलीला म्हणत, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. हे बोलणे तिला सहन होत नसे. १८७१ मध्ये भावजयीचे बाळ दगावले तेव्हा तिने तसे लिहूनही कळवले. ही मुले कायमची हरवलेली नाहीत, असे ती म्हणे.

ती हे श्रद्धेने म्हणत होती. पण श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवली तरी ती बरोबर होती असे मला वाटते, आणि इथे एका जुन्या तत्त्वज्ञाची मदत होते.

ॲरिस्टॉटल यांनी माणसाच्या कृतींमध्ये एक फरक दाखवला आहे. काही कृती अशा असतात की त्या चालू असतात तोपर्यंत अपुऱ्याच असतात. घर बांधणे घ्या. छत पडेपर्यंत घर झालेले नसते, आणि मध्येच काम थांबले तर उरतात त्या नुसत्या भिंती. दुसऱ्या कृती प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. पाहणे घ्या. मी गोदावरीच्या पाण्याकडे पाहतो आहे, तर त्याच क्षणी मी पाहिलेलेही आहे. पाहणे ‘संपायला’ आणखी काही व्हावे लागत नाही.

नाशिककरांना पहिली जात चांगली समजते. सध्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची छाटणी चालू आहे. आपल्यातील कितीतरी भगिनी छाटलेल्या काडीला पेस्ट लावायला पहाटे टेम्पोने जातात. हे काम फळासाठी आहे. चार महिन्यांनी घड उतरला तर ते सार्थकी लागले. मध्येच अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली तर सारे वाया गेले, आणि त्याला वाया गेले असेच म्हणायचे. शेतकऱ्यासमोर दुसरा शब्द वापरू नये. पण मूल म्हणजे वेल नव्हे. त्याला शिकवणे, वळण लावणे, अभ्यास घेणे यात बांधकामाचा भाग आहे, हे कबूल. मांडीवर घेऊन बसणे ही मात्र दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. लेकीच्या केसांना तेल लावत असताना आई तिच्यावर प्रेम ‘करू लागलेली’ नसते, त्या क्षणी ते प्रेम पूर्ण झालेलेच असते. एलेनची पाच वर्षे अर्धवट राहिलेले घर नव्हते. जितके दिवस होते तितके दिवस ते प्रेम होते, आणि मृत्यू आला तरी ‘ते होते’ हे त्याला पुसता येत नाही.

आपल्या समाजात तर हा फरक विसरण्याची जुनी सवय आहे. ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ हे वाक्य आपण इतके सहज वापरतो! मोल परताव्यात आहे, परतावा दुसऱ्याच्या घरी जाणार, म्हणून मोल कमी, असा त्या वाक्याचा हिशोब आहे. फळावरून प्रेमाची किंमत ठरवली की हिशोब इथपर्यंत येऊन पोहोचतो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. हा फरक अशाच हिशोबातून आला आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या आईलाही ‘आता एक मुलगा होऊ द्या’ असे सांगणारे नातेवाईक आहेत. त्यांच्यापैकी काही रविवारी आपल्याच मिस्सेला येतात. त्यांनी हे वाचावे. मार्टिन कुटुंबाला पाच मुली उरल्या. आपल्याकडे असत्या तर बारशाला बायकांनी हळहळ व्यक्त केली असती.

आता दुसरी बाजू. हे वाचून एखादी आई म्हणेल, म्हणजे आता प्रत्येक क्षण मन लावून जगायचा, नाहीतर पाप! आजकाल तसे उपदेश फार झाले आहेत: मुलांचे बालपण परत येत नाही, एकही क्षण दवडू नका. कंपनीची पाळी करून आलेल्या, पाय सुजलेल्या बाईला हे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. झेलीकडेच पाहा. लेसच्या मागण्या पुऱ्या करताना ती थकून जाई, आणि पत्रांमधून तशी तक्रारही करी. तेरेजाला अंगावर पाजता आले नाही म्हणून तिला एक वर्षाहून अधिक काळ खेड्यातील एका दाईकडे ठेवावे लागले. ही बाई काही दिवसभर मुलींकडे पाहत बसलेली नव्हती. आणि ती एकटीही नव्हती: नवरा लुई याने १८७० च्या सुमारास आपले घड्याळांचे दुकान सोडून तिच्या धंद्यात हात घातला. प्रापंचिक पुरुषांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दोघांना एकाच वेळी संत म्हणून घोषित केले. पती-पत्नीला असे जोडीने संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग एवढ्या कामात त्या घरी काय होते? झेलीने लिहिलेल्या एका पत्रात एक बारीकशी हकिकत आहे. लहानगी तेरेजा त्या वेळी तीनेक वर्षांची. ती जिना एकटी चढत नसे. प्रत्येक पायरीवर थांबून आईला हाक मारी. जितक्या पायऱ्या तितक्या हाका. आई वरून ओ देई, की पोर पुढच्या पायरीवर. एखादी ओ चुकली तर तिथेच उभी राही, वरही नाही, खालीही नाही.

मला ही हकिकत फार आवडते, कारण त्यात आई काम सोडून धावत आलेली नाही. हातात सुई असेल, नजर लेसवर असेल. तिने दिली ती फक्त ओ. आपण जपमाळेत ‘नमो मरिये’ पन्नास वेळा म्हणतो तेव्हा काही तरुण विचारतात, तेच तेच कशाला? त्या जिन्याचा विचार करा. एका पायरीची हाक पुढच्या पायरीला चालत नाही.

झेली २८ ऑगस्ट १८७७ रोजी कर्करोगाने वारली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. जिन्याची हकिकत पुढे आत्मचरित्रात आली ती आईच्या पत्रामुळे. पत्र उरले नसते तर ती आपल्याला कळली नसती. आपल्या नाशिकच्या मातीतही असे उदाहरण आहे. इथून जवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण ‘स्मृतिचित्रे’ आपल्या प्रत्येक घरात असायला हवे. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात आईचे दिवस धुण्या-पुसण्यात कसे जात, हे त्यांनी साठी उलटल्यावर लिहून ठेवले, म्हणून ती माउली आज आपल्याला दिसते. पण किती आयांच्या पोटी लक्ष्मीबाई जन्माला येतात? बाकीच्यांचे सारे ना मुलांच्या स्मरणात राहते, ना कागदावर.

म्हणून यशया संदेष्ट्याचे एकोणपन्नासावे अध्याय मला अशा वेळी आठवते. तिथे देव आईचीच उपमा घेतो. आई एकवेळ तान्ह्याला विसरेल, पण मी विसरणार नाही; मी तुला माझ्या तळहातावर कोरले आहे, अशा अर्थाचे ते वचन आहे. हे आपण नेहमी दुःखितांना ऐकवतो. पण त्यात स्मरणाविषयीही एक गोष्ट आहे: जे बाळाला आठवत नाही आणि म्हातारपणी आईलाही आठवेनासे होते, ते ज्याच्या हातावर आहे त्याच्या हातून पुसले जात नाही. लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया साऱ्या गोष्टी मनात जपून ठेवते असे दोनदा सांगितले आहे. नाझरेथच्या सुमारे तीस वर्षांबद्दल मात्र शुभवर्तमानकारांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. जगाच्या तारणाऱ्याच्या आयुष्यातील बहुतेक दिवस असे न लिहिलेले आहेत.

‘मग हे सगळे जाते कुठे?’ असे त्या आईने विचारले होते. काही जात नाही, असे मी तिला सांगेन. आणि तिच्या नवऱ्याला सांगेन की आठवड्यातून दोन दिवस तरी रात्रीची भांडी त्याने घासावीत.

एक सूचना. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण नेहमीप्रमाणे दफनभूमीत प्रार्थनेसाठी जमू. भिंतीलगतच्या लहान थडग्यांपैकी काहींवर नाव नाही, काहींवर एकच तारीख आहे. यंदा आशीर्वाद देताना प्रथम तिथे थांबू. ज्यांचे मूल तिथे आहे त्यांनी पुढे यावे. कितीही वर्षे झाली असली तरी. इतरांनी येताना झेंडूची चार फुले जास्त आणावीत.

आपला,
धर्मगुरू