२.४ टक्क्यांवर डोंगर ओलांडत नाही

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. तिसऱ्या प्रश्नात वाटेत डोंगर दिला होता. बहुतेकांचं उत्तर एकच: ‘सेकंड सेगमेंटची २.४ टक्क्यांची अट पूर्ण होते, म्हणून विमान सुरक्षित.’ कुणी शिकवलं हे तुम्हाला? मी तर नक्कीच नाही.

एक इंजिन बंद, चाकं आत, वेग व्ही टू, म्हणजे टेकऑफचा सुरक्षित वेग. अशा अवस्थेत दोन इंजिनांचं विमान किमान किती चढलं पाहिजे, एवढंच तो आकडा सांगतो. तीन इंजिनांना २.७, चारांना ३. यात डोंगर कुठे आला?

अडथळ्याचा हिशेब नेट मार्गावर करायचा. दोन इंजिनांच्या विमानाला ग्रॉस, म्हणजे मूळ चढाईतून ०.८ टक्के वजा, उरले १.६. दहा किलोमीटरमध्ये २.४ टक्क्यांनी २४० मीटर चढाल, १.६ टक्क्यांनी १६०. म्हणजे ८० मीटर तुम्ही कागदावरच लाटले! शिवाय सरळ उड्डाणात नेट मार्ग अडथळ्याच्या किमान ३५ फूट वरून जायला हवा. दोघांनी एसआयडीचे, म्हणजे विमानतळावरून निघण्याच्या ठरलेल्या मार्गाचे, ३.३ टक्के पुढे केले. अरे, तो मार्ग सगळी इंजिनं चालू आहेत असं धरून आखतात. इंजिन गेल्यावरची वाट वेगळी काढावी लागते. आणि वळताना चढाई घटते, हे एकानेही लिहिलेलं नाही.

आता लेहचं उदाहरण घ्या. तिथला विमानतळ १०,००० फुटांहून उंच आहे. हवा मुळात विरळ, ऊन चढलं की आणखी विरळ. इंजिनाचा जोर घटतो, नेता येणारं वजनही घटतं. सकाळची थंड हवा तिथे का साधतात, ते कळलं? उद्या कुणी म्हणेल, ‘चार बॅगांनी काय होतंय?’ तेव्हा मान डोलावणारा वैमानिक मला या वर्गातून बाहेर पाठवायचा नाही.

व्ही वन, म्हणजे टेकऑफच्या निर्णयाचा वेग, ओलांडल्यावर इंजिन गेलं तर उडावंच लागतं. गणिताला तेव्हा सवड नसते. ते जमिनीवरच पुरं झालेलं असावं लागतं. मागे बसलेले लोक ते तपासू शकत नाहीत. ते तुमच्या भरवशावर बसतात.

उद्या हाच प्रश्न पुन्हा सोडवून आणा. तापमान, वारा, वळण, नेट मार्ग, सगळं मांडून. हिशेब बसला नाही, तर ‘वजन उतरवा’ असं स्पष्ट लिहा. त्याचे पूर्ण गुण देईन. ओढूनताणून बसवलेल्या उत्तराला शून्य.