आधी दोन घास

डोंबिवलीत आमच्या शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या नगरकडच्या. सासरे रेल्वेत होते, म्हणून कुटुंब कल्याणला आलं आणि इकडचंच झालं. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन त्या चर्चमध्ये असतात, वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला. रविवारी मात्र दूधवाल्याच्याही आधी जिन्यात त्यांच्या चपला वाजतात. पुनरुत्थानाची उपासना पहाटेची. दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आदल्या रात्री मी मोटर बंद करायला खाली उतरलो होतो. वर येताना त्यांचं दार उघडं दिसलं. मुलगा शेवटच्या कर्जतने आला असावा. घरात न सांगता त्याने नोकरी सोडली होती आणि मावशींना ते बाहेरून कळलं होतं. तीन दिवस अबोला होता, हे सगळ्या मजल्याला ठाऊक. तो दारातच उभा. पाठीवरची बॅगही उतरवलेली नव्हती. “आई, ते मी…” एवढंच म्हणाला. मावशी ताटावरचं झाकण काढत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “हात धू. आधी जेव.” ताटात भाकरी होती आणि बोंबलाचं कालवण.

सकाळी त्या उपासनेहून आल्या तेव्हा मी सहज म्हटलं, “मावशी, रात्री काहीच बोलला नाहीत त्याला?” त्या म्हणाल्या, “अरे, प्रभूनं पेत्राला आधी मासे वाढले. मग विचारलं.” ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात अगदी शेवटच्या अध्यायात आहे. येशू मरणातून उठला आहे. त्याचे सात शिष्य, त्यांत पेत्रही, पुन्हा जुन्या धंद्याला लागलेत. रात्रभर जाळं टाकलं, एक मासा नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजव्या बाजूला टाकून बघा. जाळं भरतं. मोजून एकशे त्रेपन्न मासे. हा आकडा वाचला की मला ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा आठवतो. एवढ्या मोठ्या चमत्कारातसुद्धा मासे मोजायला विसरत नाही तो खरा कोळी! किनाऱ्यावर येऊन बघतात तर कोळशाचा विस्तव फुललेला, त्यावर मासळी आणि बाजूला भाकरी. जो तीन दिवसांत मरण बघून आला, तो न्याहारी करत बसलाय. वर त्यांनाच म्हणतो, तुमचेही थोडे मासे आणा.

मला त्या विस्तवापाशी थांबावंसं वाटतं. येशूला पकडून नेलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात असाच विस्तव पेटवलेला होता. त्याच्याशी शेकत उभ्या असलेल्या पेत्राने, मी ह्या माणसाला ओळखत नाही, असं तीनदा सांगितलं होतं. कोळशाच्या विस्तवासाठी इथे जो मूळ ग्रीक शब्द आहे तो साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एकदा त्या वाड्यात, एकदा ह्या किनाऱ्यावर. त्या धुराचा वास नाकात गेला तेव्हा पेत्राला घास गिळवला असेल का, कोण जाणे. पण वाढणारा काही बोलत नाही. सगळ्यांचं खाऊन होतं, मग तो पेत्राकडे वळतो. तू माझ्यावर प्रेम करतोस ना, असं विचारतो, तेही तीनदा. नाकारलंस का, हा प्रश्न तो विचारतच नाही. बलिदान, तारण, कृपा हे शब्द चर्चच्या बाहेरच्या माणसाला जड वाटतात. मलाही वाटायचे. ख्रिस्ती माणसाचा विश्वास असा, की वधस्तंभावरचं अर्पण एकदाच झालं आणि सगळ्यांसाठी झालं. ते कुणी कमवायचं नसतं, घ्यायचं असतं. माणूस सुधारला म्हणून त्याला क्षमा मिळत नाही, क्षमा मिळाली म्हणून तो सुधारू लागतो. मावशींच्या भाषेत, ताट आधी. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक प्रथेप्रमाणे बाहेर नवा विस्तव पेटवतात आणि त्यावर मोठी मेणबत्ती लावून आत नेतात. तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे ती न्याहारीच येते.

आपल्या घरांत उलटं होतं. दार उघडता उघडताच आपण विचारतो, इतका उशीर का, फोन का नाही उचललास, मार्क किती पडले. समोरचा दिव्याहून डोंबिवलीपर्यंत एका पायावर उभा राहून आलेला असतो. त्याला धड चप्पलही काढू देत नाही. प्रश्न चुकीचा नसतो, वेळ चुकते. वेळेसाठी थांबलेला एक माणूस मला आठवतो. लहानपणी कल्याणला शिकलेले रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पत्नी लक्ष्मीबाईंची नि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. नवऱ्याच्या घरात राहून त्याच्या हातचं पाणी चालत नाही, ही केवढी गोष्ट! टिळकांनी ती चालवून घेतली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ह्याचंच मला नवल वाटतं, की त्या गरम डोक्याच्या माणसाला एवढं थांबणं जमलं कसं. मला पाच मिनिटं थांबणं जमत नाही. हल्ली मी एवढंच करतो, बेल वाजली की आधी पाण्याचा तांब्या हातात घेतो. हात गुंतला की तोंड जरा उशिरा उघडतं.

मावशींनी मुलाला जाब विचारला की नाही? विचारला. त्याच रविवारी दुपारी. भिंत पातळ आहे, चांगला तासभर ऐकू येत होतं. मधे एकदा दोघंही गप्प झाले, आणि कपबशांचा आवाज आला.