आधार कोणासाठी?

वाचवणारी सोय माणसाला बेफिकीर करते का?

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उडी घेतली. या खेळात अखेरच्या क्षणासाठी एक छोटे यंत्र पाठीवर असते. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजते. १९९१ साली जर्मनीत आलेल्या ‘सायप्रेस’चेच पाहा. जमीन सुमारे २२५ मीटरवर आली आणि माणूस सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने कोसळत असला, की एक पाते राखीव पॅराशूटचा बंद कापते.

माणूस बेशुद्ध आहे की नुसता गाफील, हे यंत्राला कळत नाही. मुख्य पॅराशूट फार उशिरा उघडले, तर ते दुसरेही उघडू शकते. मग दोन्ही एकमेकांत गुंतण्याची भीती. म्हणून शिकवणारे बजावतात : यंत्र नाहीच असे समजा, आपल्या हाताने उघडा.

दुसरबीड ज्या तालुक्यात आहे, त्या सिंदखेडराजातून समृद्धी महामार्ग जातो. तिथेही एअरबॅग असली तरी पट्टा बांधावाच लागतो.

आधार हा हात चालेनासा होईल त्या घडीसाठी असतो. हात शाबूत असताना जो आपले काम त्याच्यावर टाकतो, तो अडचणीची शिदोरी घरीच खाऊन निघतो.