तिथं होतंच काय?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात बांधकामासाठी रूपांतर व्हायच्या जमिनींची यादी तुम्ही वाचली असेलच, सर्व्हे नंबरांसकट. पुन्हा उगाळत नाही. माझं डोकं फिरलं ते बुधवारी, धारगळच्या नाक्यावर भाजीपाव खाताना. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ मोबाइलवर ड्रोननं टिपलेली जागा दाखवत होते. ‘प्रॉपर्टी’ या शब्दाचा मला तिटकारा आहे. त्यांनी तो एका चहात नऊदा उच्चारला. कुणीतरी भीत भीत शंका काढली, तर उत्तर तयार: ‘‘अरे, तिथं होतंच काय? नुसता सडा!’’

रोजगार येईल, रस्ते येतील, ही कारणं निदान पुढचं बोलतात. त्यांना आज सोडतो. पण ‘होतंच काय’ हे मागचंही पुसून टाकतं. मोपाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ‘काही नव्हतं’ तेव्हा तिथं धनगरांची घरं होती. गुरं चरत होती, चारां, चुन्नां, करवंदं पिकत होती. विमानतळासाठी तोडायची झाडंच 50 हजारांहून जास्त निघाली. झाड म्हणजे काही गवतात पडलेली सुई नव्हे, तरी परवानगीच्या अर्जात ती नीट दिसेनात. हेही एक कारण धरून सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2019 मध्ये विमानतळाची पर्यावरण परवानगी रोखली; जानेवारी 2020 मध्ये वाट मोकळी झाली. आणि एक गंमत पाहा: जिथं काहीच नसतं, तिथला भाव मात्र चौरस मीटरवर ठरतो. काही नसण्याला एवढी किंमत आमच्या पेडण्यातच!

डोळ्यांचा हा खेळ जुना आहे. 1947 मध्ये ब्रुनर आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या 10 वर्षांच्या मुलांना नाण्याएवढा प्रकाशाचा गोल जुळवायला सांगितला. तेवढ्याच पुठ्ठ्याच्या चकतीपेक्षा नाणं मुलांना मोठं दिसलं, गरीब घरच्यांना तर आणखी मोठं. 1951 मध्ये सॉलोमन ॲशनं दाखवलं की सगळे एका सुरात चुकीची रेघ बरोबर म्हणू लागले, की धडधाकट डोळ्यांची माणसंही अनेकदा मान डोलावतात. नाक्यावर वेगळं काय झालं? शंका काढणारा दोन मिनिटांत म्हणाला, ‘‘तसा मोकळाच आहे म्हणा.’’ ‘प्रॉपर्टी’ दहाव्यांदा कानावर पडायच्या आत मी उठलो.

फार ताठ बोलायला मलाही तोंड नाही. गेल्या वर्षी मोपाहूनच विमानात बसलो, खिडकीतून खाली पाहिलं आणि शेजाऱ्याला अभिमानानं म्हणालो, ‘‘किती मोकळं आहे आमचं पेडणं!’’ उंचावरून सगळ्यांनाच मोकळं दिसतं.

म्हणून सही करणाऱ्यांना आणि करवून घेणाऱ्यांना एकच विनंती. ड्रोन घरी ठेवा आणि श्रावण संपायच्या आत कुठल्याही सड्यावर पायी या. कातळावर सीतेची आसवं फुललेली असतील, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. वाकल्याशिवाय ती दिसत नाहीत.