‘कल्चर फिट’ म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या कंपनीत कुणी चुकत नाही, त्याला ‘लर्निंग’ मिळतं. कुणी नाही म्हणत नाही, त्याच्याकडे ‘बँडविड्थ’ नसते. नोकरीवरून काढलं तर ते ‘राइटसायझिंग’. सोमवारच्या मीटिंगमध्ये आम्ही चौघं गुपचूप बिंगो खेळतो. ‘सिनर्जी’, ‘अलाइन’, ‘सर्कल बॅक’ आलं की एकेक चौकोन खोडायचा. जो जिंकेल त्याला टपरीवर चहा फुकट.

या बिंगोत ‘डायव्हर्सिटी’ही आहे. मार्चमध्ये कॅफेटेरियात जांभळे फुगे लागतात. मुलीचं नाव सुचवलं तर रेफरल बोनस दुप्पट. टीममध्ये एक मुलगी नवीन आली, तेव्हा टपरीवर मीच म्हणालो होतो, “डायव्हर्सिटी हायर!” सगळे हसले. तो शिक्का तिला अजून चिकटलेला आहे.

मी कसा आलो? कॉलेजच्या सीनियरने नाव पुढे केलं. इंटरव्ह्यूतली पहिली पंधरा मिनिटं आम्ही हॉस्टेलच्या मेसवर बोललो. मला मात्र कुणी ‘ओळखीचा हायर’ म्हणत नाही. मी मेरिटवाला.

गेल्या वर्षी मी स्वतः पॅनेलवर होतो. तालुक्याच्या कॉलेजातली एक मुलगी आली. कोड पहिल्या झटक्यात चालला. पण इंग्रजी अडखळत होतं. फॉर्मवर मी लिहिलं, ‘कल्चर फिट नाही.’ ‘हिचं बोलणं आमच्यासारखं नाही, म्हणून नको’ असं लिहावं लागलं असतं, तर हात थांबला असता. त्या जागेवर पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजची मुलगी आली. डायव्हर्सिटीचा आकडाही पूर्ण झाला. स्लाइडवर हिरवी टिकमार्क.

मी कोल्हापूरचा. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२चा हुकूम आम्हाला शाळेपासून माहीत. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना. मागास म्हणजे कोण, हे त्यातच लिहिलेलं. खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता द्यायचा, हेही. तो हुकूम कुणाला पटला, कुणाला झोंबला. पण कशाशी भांडायचं, हे विरोधकालाही कळत होतं. ‘कल्चर फिट’शी कोण कसं भांडणार?

आता मी फॉर्म भरण्याआधी कारण मनात साध्या मराठीत म्हणून बघतो. समोरच्याला तोंडावर सांगता येणार नसेल, तर लिहीत नाही. त्यामुळे फॉर्मला वेळ लागतो आणि एचआरचा फॉलो-अप येतो.

त्या मुलीला नेहमीचा मेल गेला असणार: तुमचं प्रोफाइल आम्ही पुढच्या संधींसाठी जपून ठेवू. त्याखाली माझं नाव नव्हतं. ही भाषा तेवढ्यासाठीच तर असते.